न मारलेली हाक

शिडाच्या बोटीवरच्या सिडनी ते होबार्ट शर्यतीतल्या त्या रात्री मला कुणी उठवलं नाही. जाग आली ती आवाज बदलला म्हणून. झोपायला गेले तेव्हा दर लाटेगणिक बोटीचं पोट धाडकन आपटत होतं आणि प्रत्येक आदळ्यासरशी डोलकाठीपासून माझ्या दातांपर्यंत सगळं हादरत होतं. आता आपटणं थांबलं होतं. पाणी बाहेरून सळसळत मागे जात होतं, बोटीचा कलही कमी झाल्यासारखा वाटत होता. अंधारात पडल्या पडल्या मी अंदाज बांधला. पुढचं मोठं शीड उतरवून लहान चढवलंय आणि मागच्या शिडालाही आणखी एक रीफ घेतलाय, खालून गुंडाळून ते आणखी लहान केलंय. म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उसळत्या, भिजलेल्या नाळेवर गुडघे टेकून, हार्नेसच्या पट्ट्याने स्वतःला बांधून घेऊन करायचं ते बोटं सोलवटणारं काम माझ्या डोक्यावरच्या छताच्या पलीकडे उरकलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. उतरवलेलं शीड ओलंच खाली आणून माझ्या बंकशेजारी कोंबलं होतं. त्यातून पाणी निथळून फळ्यांखाली जात होतं. आधी हायसं वाटलं, कारण माझी कामाची पाळी सुरू व्हायला अजून अवकाश होता. मग लगेच आत काहीतरी टोचलं. शीड बदलायचं असलं की खालच्यांपैकी एकदोघांना हाक मारतात. समोरच्या बंकवरचा मुलगा वर गेलेला दिसत होता. मला का नाही बोलावलं?

बोटीवर प्रत्येकाची एक जागा असते. माझी जागा पिटमध्ये होती. डोलकाठीवरून येणारे सगळे दोर जिथे एकत्र येतात, तिथे बसून योग्य क्षणी योग्य दोर सोडायचा, दुसरा आवळायचा आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही, एवढंच ते काम. पण अंधारात, तोंडावर पाणी मारत असताना, नुसत्या बोटांनी चाचपून दोर ओळखायला महिनोन्महिने सराव लागतो. मी तो केला होता. एक दोर जाडीने कळतो, दुसरा त्याच्या विणीच्या खरखरीतपणाने, तिसरा नुसता त्याच्यावरच्या ताणाने. रात्री शीड बदलताना पिटवर दोघं असलेली बरी, हे आम्हाला सरावात बजावून सांगितलं होतं. आणि आता ती वेळ आली तेव्हा माझ्याशिवाय ते झालं होतं. झोपू दिलं म्हणून वाटणारी कृतज्ञता आणि माझ्यावाचून अडलं नाही म्हणून वाटणारं दुःख, दोन्ही एकाच वेळी छातीवर येऊन बसली होती. त्यानंतर पाळीची वेळ होईपर्यंत मला झोप लागली नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीपासून दक्षिणेच्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टपर्यंतची ही शर्यत ६२८ सागरी मैलांची आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सिडनीच्या बंदरात तोफ होते आणि शेकडो बघ्या बोटींच्या गर्दीतून वाट काढत सगळा ताफा समुद्राकडे सुटतो. त्या पहिल्या तासाबद्दल सगळे भरभरून बोलतात. मला त्यातलं फार थोडं आठवतं. सनस्क्रीनचा वास, कानात सतत कुणाचं तरी ओरडणं, आणि बंदराच्या तोंडाशी दोन कड्यांच्या मधून बाहेर पडताना पहिल्या खऱ्या लाटेने पोटात उठलेला खड्डा. ईशान्येचा वारा पाठीशी होता, पुढचं फुग्यासारखं मोठं शीड, स्पिनेकर, फुगलं होतं आणि किनाऱ्याजवळून दक्षिणेकडे वाहणारा उबदार प्रवाहही आमच्याच बाजूने होता. संध्याकाळी दक्षिणेला काळी पट्टी दिसली आणि हवा एकदम पडली. दक्षिणेचा वारा येतो तेव्हा मधला काळ असतो जेमतेम काही मिनिटांचा. आधी शिडं लोंबायला लागतात, कुणी बोलत नाही, आणि मग कुणीतरी दार लाथेने उघडावं तसा वारा येतो. दक्षिणेकडे धावणाऱ्या प्रवाहावर दक्षिणेचाच वारा समोरून आदळला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. एक चढून उतरेपर्यंत दुसरी तोंडाशी येते. मग पुढचे कित्येक तास बोट जास्त कलू नये म्हणून आपण वाऱ्याच्या बाजूच्या काठावर, पाय बाहेर सोडून, रांगेत बसून राहतो. कारण तिथे आपलं वजन हीच आपली किंमत असते.

अशात खाली जाऊन झोपायचं असतं.

बोटीच्या पोटात झोपण्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. बंक म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेलं कापड. बोटीचा कल बदलला की एका बाजूची नळी दोराने वर-खाली करून आपल्यापुरती जमीन सपाट करून घ्यायची. बंक प्रत्येकाचा वेगळा नसतो. पाळीवरून येणारा माणूस जाणाऱ्याच्या उबेत शिरतो, आणि ती ऊब ओलसर असते. खाली डिझेलचा वास, ओल्या मोज्यांचा वास, कुणाला तरी झालेल्या उलटीचा वास, आणि या सगळ्यावर चिकटून बसलेला मिठाचा दमटपणा. डोक्यावर दोर ओढायची चरखी, विंच, फिरते तेव्हा तिची कडकड थेट कवटीत उतरते. झोपायचंही वाऱ्याच्याच बाजूला, कारण झोपलेल्या माणसाचं वजनसुद्धा शर्यतीत मोजलेलं असतं. बोटीने दिशा बदलली की हाक येते आणि अर्धवट झोपेत सगळ्यांनी उठून पलीकडच्या बंकवर जायचं. मला पहिल्या रात्री झोप आलीच नाही. त्याचं खरं कारण आवाज नव्हता, वासही नव्हता. डोळे मिटले की बोट माझ्या ताब्यातून जाते, असं वाटत होतं. मी काही बोट चालवत नव्हते, पण जागी असेन तर निदान ऐकत असेन, आणि ऐकत असेन तर काही बिघडणार नाही, असा एक वेडा समज मनाने धरून ठेवला होता. चार तास कान लावून पडून राहायचं, मग वर जाऊन चार तास काम करायचं, आणि पुन्हा खाली येऊन कान लावायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या हातांना साध्या गाठी सुचेनाशा झाल्या होत्या.

उठवायचीही एक रीत आहे. ती मला आमच्या शर्यतीतली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. पाळी बदलायच्या वीस मिनिटं आधी वरचं एक जण खाली येतं. चेहऱ्याला हात लावायचा नाही, टॉर्च डोळ्यांवर मारायचा नाही. लाल दिवा लावायचा, म्हणजे वर गेल्यावर अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. नडगीवर हात ठेवायचा, थोडा दाबायचा, आणि हळू आवाजात सांगायचं : “वीस मिनिटं आहेत. वारा पंचवीस नॉट, दक्षिण-नैऋत्य. पाऊस नाही, पण पाणी उडतंय, सगळं अंगावर चढव. गरम पाणी थर्मासमध्ये आहे.” एवढंच. पण त्यात सगळं येतं. किती वेळ आहे, बाहेर काय आहे, काय घालायचं, पोटात काय घालता येईल. समोरचा माणूस ‘हो’ म्हणाला तरी विश्वास ठेवायचा नाही, त्याचे पाय खाली टेकलेले दिसेपर्यंत तिथेच उभं राहायचं. आणि ज्याला उठवलं त्याने वेळेच्या पाच मिनिटं आधी वर पोचायचं, कारण वर कुडकुडणाऱ्या माणसाला एक-एक मिनिट मोजावं लागतं. माझ्या आयुष्यात मला इतक्या काळजीपूर्वक कुणी उठवलेलं नाही. तीन दिवस केस न विंचरलेली, ओठ फुटलेली, आपापल्या थकव्यात बुडालेली माणसं एकमेकांना इतक्या हळुवारपणे जागं करत होती.

लांब पल्ल्याच्या शिडाच्या शर्यतींमधली मोठी नावं बहुतेक एकट्यांची आहेत. १९६८-६९ साली गोल्डन ग्लोब शर्यतीत कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण करणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, किंवा त्याच शर्यतीत जिंकायची संधी असताना परत न फिरता ताहितीपर्यंत गेलेला बर्नार मोइतेसिए. त्या शर्यतीच्या नव्या आवृत्तीत २०१८ साली हिंदी महासागरात पाठीला जबर दुखापत होऊन वाचलेले आणि नंतर तीच शर्यत पुन्हा लढवून २०२३ मध्ये दुसरे आलेले अभिलाष टॉमी. या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्याबद्दल वाचताना प्रत्येक वेळी मी झोपेपाशी थांबते. एकटा माणूस वीस-वीस मिनिटांचे तुकडे झोपतो. गजर लावतो, उठतो, क्षितिज बघतो, पुन्हा डोळे मिटतो. त्याच्या झोपेवर पहारा द्यायला कुणी नसतं. एकट्याचं धैर्य सगळ्यांना दिसतं, त्याची गोष्ट होते. दुसऱ्याच्या हातात जीव देऊन चार तास गाढ झोपणं याची गोष्ट होत नाही. मला मात्र ते जास्त अवघड गेलं. वर सुकाणूवर कोण आहे हे माहीत असतं, त्याचं हसणं, त्याच्या खोड्या, आदल्या संध्याकाळी त्याने कुणावर तरी उगाच केलेली चिडचिड, सगळं माहीत असतं. आणि तरी डोळे मिटायचे असतात.

मला न उठवलं त्याच रात्री, पहाटेपूर्वी, आम्ही किनाऱ्यावरच्या ग्रीन केप या टोकापाशी पोचलो. इथून पुढे ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांच्यामधली बासची सामुद्रधुनी. १९९८च्या शर्यतीत याच भागात वादळाने ताफ्याला गाठलं. ११५ बोटी निघाल्या होत्या, होबार्टला पोचल्या ४४. पाच बोटी बुडाल्या, सहा जण गेले, हेलिकॉप्टरांनी पन्नासाहून अधिक माणसं पाण्यातून आणि मोडक्या बोटींवरून उचलली. सामुद्रधुनी उथळ आहे, सरासरी जेमतेम साठ मीटर. खोल समुद्रातून हजारो मैल धावत आलेल्या लाटेला इथे तळ लागतो आणि ती उभी राहते. त्या वर्षानंतर नियम झाला की ग्रीन केप ओलांडण्याआधी प्रत्येक बोटीने रेडिओवरून सांगायचं : बोट ठीक आहे, लाइफराफ्ट आणि इंजिन ठीक आहे, माणसं ठीक आहेत, आम्ही पुढे जातोय. आमच्या स्किपरने, म्हणजे कप्तानाने, रेडिओ हातात घेण्याआधी दोन्ही वॉचना, आळीपाळीने काम करणाऱ्या दोन्ही गटांना, एकत्र केलं आणि एकेकाकडे बघून विचारलं. ‘सगळे ठीक ना?’ असं मोघम नाही, प्रत्येकाला नाव घेऊन, वेगळं. माझ्याशी बोलताना त्याने विचारलं, “झोपलीस का?” मी हो म्हटलं. भीती वाटत होती. पण हो म्हणताना आवाज स्थिर आला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्या दिवसापासून पहिल्यांदाच माझे हात थरथरत नव्हते.

उजाडता उजाडता पश्चिमेचा वारा आला. त्या सकाळचे तास मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. शिडावर पाणी आदळून खाली येताना व्हायचा आवाज. सुकाणूवरच्या माणसाची प्रत्येक लाटेआधीची एकसुरी हाक. पिटमध्ये गुडघ्यापर्यंत आलेलं पाणी आणि त्यात सापासारखे तरंगणारे दोर, ज्यांतला नेमका एक मला हवा होता. शिडाचा दोर सोडायची हाक आली तेव्हा माझा हात मी बघायच्या आधी तिथे पोचला होता. विंचवर दोराचे वेढे आवाज करत सुटले, हातमोजातूनही चटका बसला, शीड खाली आलं, रीफची कडी अडकली, दोर आवळला. हे सगळं मिनिटा-दीड मिनिटात झालं. त्या मिनिटात मी थकलेली नव्हते. नंतर पुष्कळ थकले, पण त्या मिनिटात नव्हते.

दुपारी वारा थोडा उतरला तेव्हा काठावर दुसऱ्या वॉचची लीडर माझ्या शेजारी येऊन बसली. साठी उलटलेली, निवृत्त शिक्षिका, ही शर्यत तिने माझ्या जन्माआधीपासून केलेली. रात्रीचा निर्णय तिचाच होता. मी सरळ विचारलं. ती समुद्राकडेच बघत म्हणाली, “तुला काय वाटतं, मी तुझ्यावर दया केली? पहाटे पश्चिमेचा वारा येणार हे संध्याकाळच्या हवामानावरून दिसत होतं. तेव्हा पिटवर ताजे हात लागणार होते. रात्रीचं शीड बदलणं आम्ही कसंही निभावलं असतं.” मग थोड्या वेळाने, तिला ते सांगायचं होतं की नव्हतं कोण जाणे, ती म्हणाली, “आणि निघाल्यापासून तू झोपलीच नव्हतीस. नुसती पडून असायचीस. त्या रात्री मी हवामान ऐकायला खाली आले तर तुझा श्वास संथ चालला होता. म्हटलं, आता हिला कुणी हात लावायचा नाही.”

मला हिशोब हवा होता की माया, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही. शिधा, पाणी, बॅटऱ्या यांचा जसा हिशोब ठेवतात तसा ती आठ माणसांच्या झोपेचा ठेवत होती. कुणाची किती शिल्लक आहे, कुठे खर्च करायची, कुठे राखायची. त्या हिशोबात मी एक आकडा होते, याचं थोडं वाईट वाटलं. आणि अंधारात, वाऱ्याच्या त्या गदारोळात कुणीतरी माझा श्वास ऐकायला थांबलं होतं, याने डोळ्यांत पाणी आलं. खाऱ्या पाण्याने सगळ्यांचेच डोळे लाल होते, त्यामुळे लपवावं लागलं नाही. १९४६ साली, ही शर्यत सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, जेन टेट नावाची स्त्री ती पूर्ण करून होबार्टला पोचली होती. पुरुषांच्या बोटीवर तिच्या झोपेचा विचार कुणी केला असेल का, हा प्रश्न मला त्या दुपारी पहिल्यांदा पडला.

टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यालगत त्या रात्री आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. मृग नक्षत्र उत्तरेला उलटं लटकलेलं, त्याच्यावर व्याध, आणि जवळजवळ डोक्यावर अगस्त्य. आग्नेयेला त्रिशंकू वर चढत होता. वारा मागून, मवाळ. मला सुकाणू दिलं. पहिले काही क्षण मी होकायंत्राकडे बघत राहिले. मग शेजारचा म्हणाला, “आकडे सोड, एक तारा डोलकाठीपाशी धर.” मी धरला. आणि मग खाली झोपलेले चार जण माझ्या तळव्यांत आले. याला दुसरे शब्द मला सापडत नाहीत. लाट मागून उचलते तेव्हा सुकाणू जरा आधी फिरवलं तर बोट घसरत सरळ उतरते. उशीर झाला तर ती आडवी कलते, शिडाच्या तळाचा आडवा दांडा, बूम, हिसका देतो आणि खाली चार माणसं बंकवर गडगडतात. प्रत्येक लाट नीट उतरली की मला वाटायचं, यांची आणखी एक लाट झोप झाली. त्यांच्यात ती लीडरही होती. उघड्या झरोक्यातून तिचं घोरणं ऐकू येत होतं. वेग राखायचा होताच, शर्यत होती, समोर एक पांढरा दिवा दिसत होता आणि तो आम्हाला गाठायचा होता. पण वेग आणि झोप यांत भांडण नाही हे सुकाणूवर कळतं. जी बोट कमी आदळते ती पुढेही जास्त जाते.

टास्मान बेटाचे उभे खडक आम्ही दिवसाउजेडी पाहिले. दगडाचे शेकडो फूट उंच खांब एकाला एक लागून उभे, आणि त्यांच्या पायथ्याशी आदळणारा समुद्र. मग स्टॉर्म बे, मग डरवेंट नदी. आणि तिथे, शेवटच्या काही मैलांत, रात्रीचा वारा साफ पडला. या नदीत असं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी प्रत्येकाचा जीव टांगणीला लागतो. मागच्या बोटी दिसायला लागतात, त्यांच्याकडे वारा आहे असं वाटतं, पाण्यावरची प्रत्येक सुरकुती कुणीतरी बोट दाखवून सांगतं. स्किपरने अर्ध्या लोकांना खाली जायला सांगितलं. कुणीही गेलं नाही, आणि त्यानेही पुन्हा सांगितलं नाही. १९४५च्या पहिल्या शर्यतीत नऊ बोटी होत्या. जिंकलेल्या ‘रानी’ला होबार्टला पोचायला ६ दिवस १४ तास २२ मिनिटं लागली. २०१७ साली शंभर फुटी ‘कोमांच’ने तेच अंतर १ दिवस ९ तास १५ मिनिटं २४ सेकंदांत कापलं. म्हणजे त्या बोटीवरच्या माणसांची एकच रात्र समुद्रात गेली. त्यांच्या कौशल्यापुढे मी नतमस्तक आहे. पण या शर्यतीचा सर्वांत मानाचा टॅटरसॉल कप पहिल्या पोचणाऱ्याला मिळत नाही. बोटीची लांबी, वजन, शिडं यांवरून वेळेत सूट-वजावट करून ज्याचा वेळ सरस ठरतो त्याला तो मिळतो. त्यामुळे आमच्यासारख्या मधल्या बोटीलाही शेवटच्या मैलापर्यंत झगडायला कारण उरतं. आम्हाला कप मिळाला नाही. समोरचा तो पांढरा दिवा मात्र आम्ही नदीत मागे टाकला.

२०२१पासून या शर्यतीत दोघांच्या बोटींचा वेगळा गट आहे. दोनच माणसं, मदतीला ऑटोपायलट. एक झोपला की दुसरा वर पूर्ण एकटा. तो गट झपाट्याने लोकप्रिय झाला आणि का झाला हेही कळतं. आठ-दहा माणसं महिनोन्महिने सरावाला जमवणं, त्यांचं प्रशिक्षण, त्यांचे स्वभाव सांभाळणं सोपं नाही. अनेक मालक आता उघडच म्हणतात की दोघंच बरे. त्यांच्या धाडसाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण दोघांच्या बोटीवर शिकाऊ माणसाला जागा नसते. तिथे दोघंही आधीच तयार लागतात. ज्याला अजून झोपायला जमत नाही, ज्याच्या श्वासावर कुणाला तरी लक्ष ठेवावं लागतं, अशा आठव्या माणसाला मोठ्या क्रूच्या बोटीवरच सामावून घेता येतं. मी तशीच शिकले. अशा बोटी कमी होत गेल्या तर पुढची माणसं कुठून येणार, याची मला खरोखर काळजी वाटते. ही काळजी मी आमच्या स्किपरला बोलून दाखवली. त्याने पुढच्या मोसमासाठी विचारलं तेव्हा मी हो म्हणताना एक अट घातली : एक तरी जागा कधीच रात्रीचा समुद्र न पाहिलेल्या माणसासाठी ठेवायची. त्याने कुरकुर केली, नाळेवरचा अनुभवी माणूस गमवावा लागेल म्हणाला, आणि मग कबूल झाला. मार्चपासून एक एकवीस वर्षांची मुलगी आमच्याबरोबर सरावाला येतेय. ती माझ्या वॉचमध्ये आहे. दोर ओळखायला ती माझ्यापेक्षा लवकर शिकतेय. झोपेचं मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.